छत्र्यांचा कोट

माझी आत्या सत्तावन्न वर्षांची आहे आणि काळजीपोटी कुणी चार शब्द सांगितलेले तिला अजिबात खपत नाहीत. मलाही खपत नाहीत, पण मी ऐकून घेते. ती घेत नाही. बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं एका शटरचं दुकान आहे. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, रफू करणं ही तिथली कामं. दुकानाच्या वर तिची खोली. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं, तर ती त्याला त्याच्याच शर्टाचं लोंबणारं बटण दाखवते आणि विषय संपवते.

गेल्या हिवाळ्यात तिने ठरवलं, पाठीला सॅक लावायची आणि एकटीने एका थंड देशात महिनाभर फिरून यायचं. का, तर बर्फ बघायचाय. बाबा, म्हणजे तिचे सख्खे मोठे भाऊ, जेवताना सगळ्यांसमोर म्हणाले, "आठ दिवस काढून दाखव. त्याच्या आत परत आलीस, तर दुकान बंद करायचं आणि आमच्याकडे येऊन राहायचं. पुरे झाला तुझा हट्ट."

"कबूल," आत्या म्हणाली.

चारचौघांत दिलेला शब्द ती मोडत नाही, हे बाबांना पक्कं ठाऊक. म्हणून तर त्यांनी चारचौघांत विचारलं. मला त्या दिवशी बाबांचा राग आला आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

जॅकेट विकत घे म्हटलं तर तिने मलाच झाडलं. "दुसऱ्याने शिवलेलं मी घालू? मग इतकी वर्षं मी काय माशा मारल्या?" तिने स्वतः कोट शिवला. जाड सुती कापड, आत रजईत भरतात तसा पिंजलेला कापूस, चार-चार बोटांवर हातटाके. इतका देखणा कोट मी कुठल्याही दुकानात पाहिला नव्हता. तो घालून घरात नुसतं उभं राहिलं तरी घाम फुटायचा. आत्या म्हणाली, "बघितलंस?"

तिकडून रोज तिचे व्हॉइस मेसेज यायचे.

"विमानतळाच्या बाहेर आले आणि नाकातले केस ताठ झाले बघ. हसू नकोस, खरं सांगतेय."

"इथे सगळ्यांचे कोट काळे. पण चेनला ही एवढी लांब शेपटी लावतात, हातमोजे घालून ओढता यावी म्हणून. आपल्याला कसं गं नाही सुचलं? बाह्या मात्र सगळ्यांच्या लांब. आठ दिवस द्या, अख्ख्या गावाच्या बाह्या बरोबर करून देते."

"खोलीत सहा पलंग, एकावर एक. माझा वरचा. खालच्या मुलीने विचारलं, तुम्ही खाली येता का? म्हटलं, मला शिडी चढता येते."

"दुपारी साडेतीनला अंधार. लोक बोलत नाहीत, पण दार धरून ठेवतात. आपण वीस पावलं लांब असलो तरी धरतात. मग आपल्यालाच मेलं पळत जावं लागतं."

चौथ्या दिवशी मेसेज आला नाही. संध्याकाळी फोन आला, तेव्हा तिचे दात अजून वाजत होते. आदल्या दुपारी ती तळ्याकाठी दोन तास चालली होती आणि ओला बर्फ पडत होता. अंगावर पडायचा आणि विरघळायचा. कापसाने तो सगळा पिऊन घेतला. कोट इतका जड झाला की तिला हात वर करता येईना. हॉस्टेलच्या काउंटरवरच्या बाईने तिचा कोट काढून घेतला, ब्लँकेट गुंडाळलं आणि गरम पाण्याचा मग हातात दिला. कोट रात्रभर हीटरपाशी टांगला, तरी सकाळी आतून ओलाच. तसाच घालून दाराबाहेर गेली, तर गोठून पाठीवर पत्रा बांधल्यासारखा कडक झाला.

"माझीच चूक," ती म्हणाली. "आपल्याकडे थंडी कोरडी. थंडी ओली असते हे माझ्या डोक्यातच आलं नाही. इतकी वर्षं कापड हाताळून मी ही चूक केली."

बाबांनी फोन माझ्या हातातून घेतला. "तिकीट बदलतो. परवा निघ."

"नाही."

"अगं, थंडीने मरशील."

"मेले तर कळवते," आत्या म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढचे दोन दिवस ती हॉस्टेलच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. ब्लेडने सगळे टाके उसवले. कापूस काढून टाकला. जुन्या कपड्यांच्या दुकानातून तीन लोकरी स्वेटर आणले, उभे कापले आणि कापसाच्या जागी बसवले. वरून पाणी अडवायला काय लावायचं? काउंटरवरच्या बाईकडे वाऱ्याने मोडलेल्या, लोक टाकून गेलेल्या छत्र्यांचं एक पिंप होतं. आत्याने खुणेने कात्री दाखवली. बाईने पिंपच पुढे सरकवलं. सहा छत्र्यांचं कापड निघालं. चार काळ्या, एक निळी, एक लाल ठिपक्यांची. तिकोनी तुकडे जोडून तिने बाहेरचा कोट शिवला, आणि सुईच्या भोकांतून पाणी शिरू नये म्हणून शिवणींवर मेणबत्ती घासली. सातव्या दिवशी तो घालून ती पुन्हा त्याच तळ्याकाठी गेली. अडीच तास फिरली. कोरडी परत आली.

इकडे बाबांनी वेगळाच उद्योग केला होता. 'परवा निघ' म्हटलं म्हणजे ती निघालीच, असं धरून त्यांनी तिच्या दुकानाशेजारच्या मेडिकलवाल्याला तिचं दुकान घेऊन टाक म्हणून सांगितलं. दुकानाची पाटीसुद्धा उतरवून घरी आणली. नवव्या दिवशी आत्याचा फोन आला आणि मी सगळं सांगून टाकलं. बाबा समोरच बसले होते. बसू देत, म्हटलं.

"स्पीकरवर टाक," आत्या म्हणाली.

मी टाकला.

"दादा, आठ दिवस झाले."

"तुझ्या भल्यासाठीच केलं मी," बाबा म्हणाले. "या वयात एकटीने कसं निभावशील, याची मला झोप लागत नाही."

 आत्या बोलली ती अगदी शांतपणे. तिला इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं.

"आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी अकरा वर्षं तुझ्या घरी राहिले. तिला उचलायचे, धुवायचे, भरवायचे. तू वरच्या मजल्यावर झोपायचास. एकटीने कसं निभावत असेल, असं तेव्हा तुला एकदा तरी वाटलं का रे?"

 माझी आई स्वयंपाकघरातून दारात आली आणि तिथेच थांबली. मग बाबा उठले, पायात चपला घातल्या, हातोडी घेतली आणि कोपऱ्यात टेकवलेली पाटी काखेत मारून जिना उतरले.

"गेला का?" आत्याने विचारलं.

"गेले. पाटी आणि हातोडी घेऊन गेलेत."

"बरं. उद्या सकाळची बस आहे माझी. अजून वर, उत्तरेला. तिकडे म्हणे समुद्रही गोठतो. त्याच्यावरून चालून बघते."