रहस्यकथांचे शेवट

लक्षद्वीपला निघालेल्या क्रूझच्या डेकवर आमच्या शेजारी एक निवृत्त जोडपं बसलं होतं. या सुट्टीसाठी काकूंनी महिनाभर खपून काकांच्या ई-रीडरमध्ये वीस रहस्यकथा भरल्या होत्या, त्याही एकेक आधी स्वतः वाचून. मी कौतुक केलं, तर काका हसून म्हणाले, "हिला वाचनातलं काय कळतंय! बटण दाबलं की पुस्तक उतरतं, एवढंच."

काकूंनी चष्मा पुसला. मग गोड आवाजात विचारलं, "अहो, कुठली वाचताय? चहाच्या मळ्यातली? त्यात खून डॉक्टरने केलाय."

काकू थांबल्या नाहीत. "दुसरीत धाकटी सून. तिसरीत तर कोणी मेलेलंच नाही." असे वीसच्या वीस शेवट त्यांनी शांतपणे सांगून टाकले. चारी बाजूंना नुसतं पाणी, इंटरनेट नाही आणि बंदर अजून दीड दिवस लांब.

परक्या माणसाला आपल्याला इतकं नेमकं दुखवता येत नाही. त्यासाठी आपली आवड जपणारं माणूसच लागतं; आपला आनंद कुठे ठेवलाय, ते त्यालाच ठाऊक असतं. काकांनी ई-रीडर बंद केला आणि समुद्राकडे तोंड फिरवलं.

मला हसू आवरेना. टाळीसाठी मी नवऱ्यापुढे हात केला. तो हसत नव्हता. त्याने मांडीवरचं पुस्तक मिटलं आणि माझ्यापासून लांबच्या बाजूला ठेवलं.