मुलींच्या मोबाइलवर मी भाषणं द्यायचे

काही लोकांच्या घरात जुने डबे साठतात, आमच्या मंडळीत किस्से साठतात. मंडळी म्हणजे आमचं जळगावचं चर्च. रविवारी उपासना संपली की बाहेर चहा असतो, आणि कुणी ना कुणी म्हणतंच, "मार्थाताई, तो टोपलीचा किस्सा सांगा ना!" मी सांगते. सगळे हसतात, मीही हसते. परवा घरी येऊन मोजले तर सहा निघाले. आणि सहाही किश्श्यांत तोंडघशी पडणारी बाई एकच. मी!

मी हायस्कूलला मराठी शिकवते. आमचे हे रोज वरणगावला कामाला जातात. मुलगी एकच, रिबेका. ती नववीत गेली तेव्हा तिच्या हातात फोन आला आणि माझ्या हातात माइक! मंडळीतल्या आईबापांचा मी एक पालक गट काढला. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी चारला बैठक. विषय 'मोबाइल आणि आपल्या मुली'. वक्त्या मीच.

भाषण तोंडपाठ होतं. रील बघून मुली स्वतःला कमी लेखतात. फोटोला किती लाइक आले यावर त्यांचा दिवस चांगला की वाईट ते ठरतं. प्रार्थनेला पाच मिनिटं नसतात, स्क्रीनला पाच तास असतात. यातलं काहीही खोटं नव्हतं. आजही नाही. खोटं होतं ते दुसरंच.

* * *

तर पहिला, टोपलीचा.

मी नियम काढला की उपासनेला येताना मुलींनी दारातच फोन टोपलीत टाकायचे. बांबूची मोठी टोपली, वर क्रोशाचा रुमाल. मुली कुरकुरल्या, पण टाकले. चौदा फोन! मी अभिमानानं टोपली पुढे नेऊन ठेवली.

त्या दिवशी मुलींनी गाणं इतकं सुंदर म्हटलं की काय सांगू. फोन नसल्यामुळेच, असं मी मनात म्हटलंसुद्धा. आणि पर्समधून माझा फोन काढून व्हिडिओ घ्यायला लागले. स्टेटसला टाकायला. माझ्या बाजूच्या तिघीही घेत होत्या. मागे पुरुषांच्या बाकांवर तर तीन जण उभे राहून घेत होते.

गाणं संपलं. आमची उपासना घेणारे पाळकसाहेब फार शांत माणूस. चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "ती टोपली फार चांगली आहे. जरा मोठ्यांच्या बाकांवरनंही फिरू द्या!"

अख्खी मंडळी हसली. मी फोन पर्समध्ये टाकला, पण व्हिडिओ बंद करायचा राहिला. पुढची वीस मिनिटं पर्सच्या आतला अंधार रेकॉर्ड होत होता.

* * *

सहामाहीत रिबेकाचे मार्क घसरले. मी काय करावं? मंडळीच्या ग्रुपवर लिहिलं, "प्रार्थना विनंती. माझी कन्या रिबेका हिची मोबाइलच्या मोहातून सुटका व्हावी म्हणून कृपया सर्वांनी प्रार्थना करावी."

ग्रुपवर दीडशेवर माणसं. दहा मिनिटांत 'आमेन' सुरू झाले. जोडलेले हात, कबुतरं, मेणबत्त्या! धुळ्याच्या माझ्या चुलत बहिणीनं ते तिच्या मंडळीत पाठवलं. तिकडनं अमळनेरला गेलं. संध्याकाळी अमळनेरच्या एका अनोळखी बाईचा मला फोन: "ताई, आम्ही साखळी प्रार्थना लावलीय, एकेक तास एकेक जण."

रविवारी रिबेका चर्चमध्ये शिरली, तर जो तो तिच्या डोक्यावर हात ठेवतोय. शीला अक्का म्हणजे आमच्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या. त्यांनी तर तिला पोटाशीच धरलं. एका काकांनी भर दारात विचारलं, "काय गं, सुटला का मोह?"

घरी आल्यावर चपला काढताना पोरगी म्हणाली, "मम्मी, माझं एकही रील कधी इतकं व्हायरल झालं नाही!"

हा किस्सा मी सांगते तेव्हा सगळ्यात जास्त हशा इथं येतो. तेव्हा घरात मीही हसले होते. ती हसली नव्हती. हे मी चहाच्या वेळी सांगत नाही.

* * *

त्यानंतर ती मला तिच्या अकाउंटवर काही दिसू देईना. मग मी एक पाप केलं. 'पिंकी, अमळनेर, वय पंधरा' असं खोटं अकाउंट काढलं. फोटोच्या जागी गुलाबाचं फूल.

आठ दिवसांनी रिबेकानं पिंकीची रिक्वेस्ट घेतली. मी सावधपणे बोलत गेले. अभ्यास कसा चाललाय, आवडता विषय कोणता. एकदा धीर करून विचारलं, "तुझी मम्मी कशी आहे?"

उत्तर आलं, "चांगली आहे. फक्त ऐकत नाही."

मी शाळेच्या स्टाफरूममध्ये बसून ते वाचलं. पुढच्या तासाला आठवीला कविता होती, ती नीट शिकवली गेली नाही.

मग एका रविवारी दुपारी मी आतल्या खोलीत पलंगावर, ती स्वयंपाकघरात. मी पिंकी होऊन लिहिलं, "मैत्रिणी, आईचा राग मानू नये. किंबहुना, ती आपल्या भल्यासाठीच बोलत असते."

पाच मिनिटांनी मेसेज आला, "पिंकी, अमळनेरच्या मुली 'किंबहुना' म्हणतात? आणि प्रत्येक वाक्याला पूर्णविराम देतात?"

तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली, "पिंकी, चहा झालाय. बाहेर ये!"

आम्ही समोरासमोर बसून चहा प्यालो. मी माफी मागितली, म्हणजे मागायला लागले, आणि मध्येच 'पण तुझ्या काळजीपोटी' असं म्हणून गेले. ती कप विसळायला उठली. ते 'ऐकत नाही' तिनं पिंकीला लिहिलं होतं की ओळखून मलाच, हे मी अजून विचारलेलं नाही.

* * *

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आमच्यात काहीतरी सोडतात. कुणी मटण सोडतं, कुणी चहा. त्या वर्षी मी घरात जाहीर केलं, "आपण सगळ्यांनी सोशल मीडिया सोडायचा!"

रिबेकानं मुकाट्यानं फोन फ्रिजवर नेऊन ठेवला. कॉलेजची मोठी मुलं सोडत नाहीत, पण हिनं सोडलं. मी पाच दिवस टिकले. सहाव्या दिवशी मधल्या सुट्टीत म्हटलं, फक्त शाळेचा ग्रुप बघते.

दहाव्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांवर शीला अक्का भेटल्या. शेजारी रिबेका. अक्का आनंदानं म्हणाल्या, "मार्था, परवा माझ्या भरताच्या फोटोला पहिला अंगठा तुझाच हो!"

मी म्हटलं, "चुकून बोट लागलं असेल, अक्का."

"चुकून कसं? 'नशिराबादच्या वांग्यांची सर कशालाच नाही' असं खाली लिहिलंयस की!"

रिबेका माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता काहीतरी टोमणा येणार. यायला हवा होता, मला बरं वाटलं असतं. ती हळूच म्हणाली, "मम्मी, अजून तीस दिवस आहेत. तुझे दिवस पण मीच धरू का?"

* * *

नाना म्हणजे माझे वडील. धुळ्याला एकटेच राहतात, वय अठ्ठ्याहत्तर. फोन जुना, बटणांचा. त्यातही हिरवं बटण सापडायला त्यांना वेळ लागतो.

त्या उन्हाळ्यात रिबेका नऊ दिवस धड जेवली नाही. क्लासला जायचं नाही म्हणायची. मी निदान केलं, "स्क्रीन टाइम!" आणि फोनची वेळ अर्ध्यावर आणली.

नवव्या दिवशी दुसरा शनिवार होता. मी पालक गटात बोलले, 'मुलीचा विश्वास कसा मिळवावा'. बोलणं छान झालं. दोन बायकांनी लिहून घेतलं.

सहाला घरी आले तर सोफ्यावर नाना! ओला पंचा मानेभोवती, तोंड उन्हानं लाल झालेलं. शेजारी रिबेका खिचडी खात होती. नऊ दिवसांनी.

"नाना, तुम्ही? न कळवता?"

नाना म्हणाले, "पोलिस ठाण्यात जाई उनूत आम्ही." जाऊन आलो!

मग कळलं. रिबेकाचा वाढदिवसाचा फोटो उचलून कुणीतरी तिच्या नावानं अकाउंट काढलं होतं. त्यावरून क्लासच्या मुलांना नको ते मेसेज जात होते. मुलं तिला बघून हसत होती. तिनं सकाळी शेजारच्या काकूंच्या फोनवरून नानांना फोन लावला. नाना मिळेल त्या एसटीत बसले आणि भर उन्हात जळगावला उतरून परस्पर तिला घेऊन तक्रार द्यायला गेले.

मी म्हटलं, "नाना, तुम्हाला यातलं काय कळतं?"

"माले मोबाइलमधलं काही समजत नही," नाना म्हणाले. "पन पोर रडी ऱ्हायनी, ते समजनं."

चार दिवसांत ते अकाउंट बंद झालं. करणारी क्लासमधलीच मुलगी निघाली. आईला घेऊन आमच्या घरी आली आणि दारातच रडायला लागली. मी क्षमा या विषयावर बोलायला तोंड उघडलं, तोवर रिबेकानं तिला पाणी आणून दिलं होतं.

सगळं मिटल्यावर मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस गं?"

ती म्हणाली, "तू आधी फोन काढून घेतला असतास. नाना आधी एसटीत बसले."

* * *

एवढं होऊनही मला भाषणाला बोलावणारे होते!

दिवाळीच्या सुट्टीत धुळ्याला मुलींचं शिबिर होतं. जळगाव-धुळ्याच्या मिळून चाळीसेक मुली. मला दिलेला विषय, 'देवानं घडवलेला चेहरा'. चेहरा गोरा करणारं, नाक बारीक करणारं एक ॲप तेव्हा सगळ्या मुलींच्या फोनमध्ये होतं. मी तळमळीनं बोलले. म्हटलं, "प्रभूनं तुम्हाला स्वतःच्या हातानं घडवलंय. त्याच्या कामात तुम्ही दुरुस्त्या करता? ज्याला प्रभूचं काम आवडतं, त्याला तुमचा रंग कसा नावडेल?" मुली खरंच गप्प होऊन ऐकत होत्या. पुढच्या बाकावरच्या एकीनं डोळे पुसले.

मग मी म्हटलं, "चला, काढा फोन. आत्ता, इथं, ते ॲप काढून टाका!"

मुली एकेक करून काढायला लागल्या. मी बाकांमधून फिरत होते. शेवटच्या रांगेत आमच्याच मंडळीतली एस्तेर बसली होती. उंच, सावळी. गायला लागली की पेटी वाजवणारा वाजवायचं विसरतो असा आवाज. फोन हातात धरून नुसती बसली होती.

"काय गं एस्तेर? तू नाही काढलंस?"

"काढते आंटी." मग थांबून म्हणाली, "एक सांगू? रागावणार नाही ना?"

"अगं, सांग की. तू तर घरचीच."

ती उठून उभी राहिली. मोठ्यांशी बोलताना उभं राहायचं, हे संडे स्कूलमध्ये मीच शिकवलं होतं.

"गेल्या नाताळच्या नाटकात मरीयेचे सगळे संवाद मला पाठ होते. तुम्ही म्हणालात, आवाज एस्तेरचाच घेऊ, ती पडद्यामागून बोलेल. स्टेजवर रिबेकाला उभं करू. मरीया जरा उजळ दिसली पाहिजे." तिच्या बोलण्यात राग नव्हता. शाळेत उत्तर द्यावं तशी ती सांगत होती. "त्या दिवशी घरी जाऊन मी हे ॲप घेतलं, आंटी."

तिसऱ्या रांगेत रिबेका मान खाली घालून बसली होती.

एस्तेरनं स्क्रीनवर बोट दाबून धरलं. ॲप गेलं. मग गेलंय की नाही ते मला नीट दिसावं म्हणून तिनं फोन माझ्यासमोर धरला.

मी काढायला सांगितलं होतं ना!