सातवी रांग

"हाई पोकय बोलस, भाऊ."

पान्याने पत्र्यावर टकटक करायची, मान तिरकी करायची आणि हे म्हणायचं, ही मिस्तरींची रीत. हे पोकळ बोलतंय. म्हणजे पत्र्याखाली लोखंड नाही, इथे स्क्रू मारला तर तो नुसत्या पत्र्यात बसेल.

सुरतेत कारखान्यांच्या छपरांवर सोलर पॅनेल बसवणाऱ्या एका ठेकेदाराकडे मी सुपरवायझर होतो, मिस्तरी फिटर. मूळचे धुळ्याकडचे. आयुष्याची वीस वर्षं लूमच्या खडखडाटात गेल्याने कान बसलेले, पण पोकळ जागा कधी चुकली नाही. बहुतेक हातानेच ऐकत असावेत. लिंबायतच्या बाजारात कलिंगडवाले त्यांना वैतागायचे. मला एकदा खोकला झाला, तर पाठीवर दोन बोटं वाजवून म्हणाले, "हाई बी पोकय." कामाचा चाळा घरीदारी घेऊन फिरणारा असा एखादा तुमच्याही ओळखीत असेलच.

भेस्तानला साड्यांच्या एका कारखान्यावर आमच्या सहा रांगा बसल्या. सातवीचे पाय काही केल्या खालच्या लोखंडावर येईनात. सगळी रांग सरकवायची तर दोन दिवस जाणार, आणि आमच्या ठेकेदार शेठने दुसऱ्याच दिवशी काम पुरं करून द्यायचा शब्द दिलेला.

"मारून टाका स्क्रू, मिस्तरी," मी म्हणालो. "वर चढून कोण बघणार आहे?"

"वारा देखी," ते म्हणाले. वारा बघेल. आणि पाना खाली ठेवून शिडी उतरले.

ती रांग दुसऱ्या दोघांनी बसवली. तपासणीच्या कागदावर मी 'ठीक' लिहून सही केली. फिटरच्या रकान्यात आधीपासून मिस्तरींचं नाव होतं, ते तसंच राहिलं. शेठने त्यांना पुन्हा कामावर बोलावलं नाही.

मे महिन्यात एका दुपारी मी त्याच कारखान्यात पॅनेल धुण्याचं काम बघत होतो. एकाएकी धुळीने आभाळ भरलं आणि फाटकावर आरडाओरडा ऐकू आला. मिस्तरी! जवळच दुसऱ्या कामावर होते, तिथून सायकल हाणत आले होते आणि वॉचमन त्यांना आत सोडत नव्हता.

"भाऊ, बायांना काढा! सातवीखालून काढा!"

त्या रांगेखाली, भिंतीलगतच्या पडवीत, साड्यांचे धागे कापणाऱ्या बाया बसत. मी फाटक उघडायला लावलं. आम्ही दोघांनी ओरडून, हात धरधरून त्यांना बाहेर ओढलं. वर पत्रा फडफडायला लागला होता. तेवढ्यात कोणीतरी किंचाळलं, त्यांच्यातली एक म्हातारी आत राहिली.

मिस्तरी आत धावले. मी धावलो नाही.

वाऱ्याने अख्खी रांग पत्र्यासकट उचलली आणि पडवीवर आदळली. म्हातारी साड्यांच्या गठ्ठ्यांआड वाचली. मिस्तरी गेले.

पोलिसांनी कागद मागितला, शेठने दाखवला. फिटरचं नाव वाचून सगळं जणू मिटलं. लिंबायतच्या त्यांच्या गल्लीत लोक बोलायला लागले, स्वतःच कच्चं बसवलं आणि स्वतःच त्याखाली गेला. मी आठ दिवस हे ऐकत होतो. तोंड उघडलं नाही.

नवव्या दिवशी पोलीस चौकीत जाऊन मी जबाब दिला आणि त्याची प्रत घेऊन मिस्तरींच्या घरी गेलो. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"काम त्यास्नाच हातनं व्हतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही, वहिनी. ते नाही म्हणाले होते. मी करून घेतलं."

मी कागद पुढे केला. त्यांना वाचता येत नव्हतं. "तुम्हीच वाचा," म्हणाल्या.

मी वाचायला लागलो. मिस्तरींनी नकार दिला होता, ती रांग माझ्या सांगण्यावरून बसवली, सही माझी. शेवटाकडे येईतो माझा आवाज मलाच ऐकू येईना.

वहिनी उठल्या. दाराच्या दोन्ही फळ्या त्यांनी सताड उघडल्या. बाहेर ओट्यांवर शेजारीपाजारी बसले होते.

"आते परत वाचा," त्या म्हणाल्या. "जोरमा वाचा."