काळ्या पट्टीखालचा आकडा

गल्लीत तिला ठसका म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. तोंडावर ती 'फोटोवाल्या ताई'. वय बावन्न, उंची बेताची, आवाज मात्र असा की स्टुडिओत ती 'मान थोडी वर' म्हणाली की समोरच्या शिंप्याचीही मान वर व्हायची. तिच्यासमोर खुर्चीत बसलेलं माणूस सहसा हसत नसे. पासपोर्टच्या फोटोला तेच लागतं, त्यामुळे तिच्या स्वभावाने धंद्याचं कधी बिघडलं नाही.

यंदा तिचा राग काडेपेटीएवढ्या एका डबीवर होता.

नर्सिंग कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा ग्रुप फोटो एकोणीस वर्षं तिच्याकडे होता. तिथला हॉल लांबलचक आणि अंधारा. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश पहिल्या रांगेतच गार होतो. म्हणून ती डावी-उजवीकडे दोन स्टँड लावून त्यांवर फ्लॅश बसवायची. त्यांना पेटायचं कधी हे सांगायला पूर्वी वायर असे, मग ट्रिगर आले. एक डबी कॅमेऱ्याच्या डोक्यावर, एकेक डबी दोन्ही फ्लॅशच्या पायाशी. इकडे बटण दाबलं की वरची डबी रेडिओवरून हाक मारते आणि खालच्या दोघी पेटवतात. तिन्ही डब्यांवर चॅनेलचा आकडा एकच हवा, एवढीच अट.

गेल्या वर्षी डाव्या डबीचं चॅनेलचं बटण बॅगेत घासून सरकलं. डावा फ्लॅश पेटलाच नाही. डावीकडच्या अकरा मुली अशा आल्या, जणू नापास करून त्यांना मागच्या खोलीत बसवलं होतं. तोवर मुली गावोगाव पांगल्या होत्या, पुन्हा कुणाला उभं करणार? तो फोटो तसाच कॉलेजच्या भिंतीवर लागला, आधीच्या अठरा फोटोंच्या शेजारी. त्या भिंतीसमोरून जायची वेळ आली की ती मान वळवून जायची.

यंदा प्राचार्याबाईंनी तिला बोलावलं. "ताई, वाईट वाटून घेऊ नका. यावेळी आणखी एकांना सांगितलंय. दोघांनी काढा. बरा येईल तो भिंतीवर, आणि पुढच्या वर्षापासून काम त्यांचं."

"एकांना म्हणजे कुणाला?"

प्राचार्याबाईंनी टेबलावरची पेन्सिल सरळ केली. "तुमचेच भाऊ ना ते?"

धाकटा तिच्याच स्टुडिओत वाढला, वडिलांच्या हाताखाली, तिच्याबरोबर. सहा वर्षांपूर्वी भर गिऱ्हाइकासमोर तो म्हणाला होता, "ताई, तुझा फोकस मागे जातोय. डोळे दाखवून घे." तिने त्याला त्याच पावली बाहेर काढलं. दुसऱ्या महिन्यात तिला चष्मा लागला, आणि तो खरं बोलला होता हे कळल्यावर तर राग कायमचाच झाला. त्याचं नाव या घरात काढायचं नाही, असं तिने आईला सांगून टाकलं. आई बरं म्हणाली. तेव्हापासून दर गुरुवारी आई 'चालायला' जायची. मोतीबिंदू झालेली, गुडघे धरलेली पंचाहत्तरीची बाई तीन तास चालून यायची आणि दमलेली नसायची. लेक काही विचारायची नाही.

तर आता ट्रिगर घेणं आलं. कॅमेऱ्याच्या दुकानदाराने नावाजलेल्या कंपनीची डबी पुढे केली. "ही घ्या ताई, डोळे मिटून."

"डोळे मिटून फोटो काढतात का रे? आणि या किमतीत मी नवा कॅमेरा आणीन. परवडणारं दाखव."

त्याने तीन स्वस्त संच मांडले. तिन्हींच्या खोक्यांवर एकच गोरी बाई हसत होती.

"तिन्ही घरी नेते. टिकेल तो ठेवीन, बाकीचे आणून देईन."

"खोकं फोडल्यावर परत कोण घेणार, ताई?"

"तू."

त्याने तिन्ही खोकी पिशवीत भरली. तिच्याशी घासाघीस करायची म्हणजे गिऱ्हाइकं ऐकायला जमतात, हे त्याला ठाऊक होतं.

वडिलांची एक रीत होती. वायर असो, दिवा असो, शंभर वेळा चालल्याशिवाय वस्तू कामावर न्यायची नाही. ती रीत तिने सोडली नव्हती. फ्लॅश खोलीत, त्याच्याशेजारी खुर्चीत आई, आईच्या मांडीवर दोन वाट्या. एका वाटीत शिवणाच्या डब्यातली शंभर बटणं. फ्लॅश पेटला की आईने एक बटण या वाटीतून त्या वाटीत टाकायचं. आईला माणसाचा चेहरा धूसर दिसे, पण फ्लॅश तिला मिटल्या डोळ्यांनीही कळे. लेक कॅमेरा घेऊन जिन्यात, मग गल्लीत, मग कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंत बटण दाबत जायची. कशाचा फोटो काढतेय हे लोकांना कळेना. कुणी विचारलं तर ती म्हणायची, "तुमचा नाही, निश्चिंत राहा."

पहिली डबी दिसायला गोंडस, पण गल्ली ओलांडली की मुकी. शंभरांतली एकसष्ट बटणं पडली. शिवाय तिला लागणारा सेल नखाएवढा, औषधासारखा शोधत फिरायला लावणारा. "खेळणं आहे," ती म्हणाली, आणि डबी खोक्यात अशी आदळली की गोऱ्या बाईच्या गालाला पोचा आला.

दुसरी दवाखान्यापर्यंत पोचली, पण दोन मिनिटं काम नसलं की झोपायची. पहिली हाक तिला उठवण्यात वाया जायची. "ब्याण्णव पोरींना उभं करायचं आणि हिची झोप मोडायची वाट बघायची? झोपायचंच तर माझ्या पैशाने कशाला?"

तिसरी अंगाने बोजड, साबणाच्या वडीसारखी, कुठेही मिळणाऱ्या पेन्सिल सेलवर चालणारी. ती खोक्यातून काढली तेवढ्यात आई म्हणाली, "हीच घे."

"अजून तपासली नाही."

"तपास की. पण हीच घे."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"मला काय कळायचंय? मी बटणं मोजते."

जिना, गल्ली, दवाखाना, मधे दोन भिंती. शंभराच्या शंभर बटणं पलीकडच्या वाटीत. तिला रागवायला जागाच उरली नाही, म्हणून ती डबीच्या रंगावर रागावली. मग गेल्या वर्षीचं आठवून तिने तिन्ही डब्यांच्या चॅनेलच्या बटणावर काळी चिकटपट्टी ओढली. दुकानातून आकडा एकवर आला होता, तो एकवरच गाडून टाकला. पट्टीचं टोक तिने दुमडून ठेवलं. नखाला पकड मिळावी म्हणून तसं ठेवायचं, हेही वडिलांचंच.

फोटोच्या दिवशी हॉलमध्ये ब्याण्णव मुली पांढऱ्या गणवेशात चार रांगांत उभ्या होत्या. आधी तिने काढायचं, मग धाकट्याने. तो बाहेरच्या व्हरांड्यात आपले स्टँड उभे करत होता. ती त्याच्या अंगावरून गेली, खांबावरून जावं तशी.

"हनुवट्या खाली. चष्मेवाल्या, मान जरा उजवीकडे. डोळे इकडे."

आणि तिने बटण दाबायच्या आधीच तिचे दोन्ही फ्लॅश पेटले.

मुली दचकल्या. तिने लगेच बटण दाबलं, पण फ्लॅश एकदा रिकामा झाला की भरायला चार-पाच सेकंद घेतो. मिणमिणता उजेड पडला. "पुन्हा. डोळे इकडे." पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर ती नुसती कपाळ पुसत होती तरी दोन्ही पेटले, आणि मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

"हसू आवरा. हे हॉस्पिटल असतं तर पेशंट गेला असता," ती म्हणाली. मनातल्या मनात तिने त्या डबीला, दुकानदाराला आणि खोक्यावरच्या बाईला जे काही म्हटलं ते तिथे उच्चारण्यासारखं नव्हतं. शंभर वेळा चाललेली वस्तू. कामाच्या दिवशी हिला वारं लागलं.

तिने चिडून रिकामंच बटण दाबलं. दाराबाहेरचा व्हरांडा लख्ख उजळला.

ती थांबली. पुन्हा दाबलं. व्हरांडा पुन्हा उजळला. कॅमेरा गळ्यात तसाच ठेवून ती तरातरा बाहेर गेली.

"माझे फ्लॅश तू उडवतोयस."

"माझे तू उडवतेयस," धाकटा म्हणाला. "मघापासून बघतोय, भूत लागल्यासारखे पेटतायत."

त्याच्या कॅमेऱ्यावर तीच साबणाची वडी होती. तशीच काळी पट्टी. टोक दुमडलेलं.

"आकडा किती?"

"आला तसाच. एक."

"दुसरी मिळाली नाही तुला?"

"तीन आणल्या होत्या. एक मुकी होती, एक झोपायची. ही शंभराला शंभर."

"शंभर कुणी मोजले?"

धाकट्याने स्टँडचा स्क्रू पिळला, जो आधीच घट्ट होता. तिला उत्तर कळलं, आणि कळलं ते डोक्यात सणकलं.

"मी बंद ठेवतो माझे," तो म्हणाला. "तू काढून घे."

"तुझे उपकार नकोत. माझा आकडा मी बदलते."

तिने तिथेच उभ्याउभ्या कॅमेऱ्यावरच्या डबीची पट्टी ओरबाडली, दुमडलेलं टोक असताना मधूनच, नखाने. आकडा दोन. आत गेली, उजव्या स्टँडपाशी वाकून तिथलीही पट्टी उपटली. दोन. एवढ्यात प्राचार्याबाई म्हणाल्या, "ताई, मुलींना वॉर्डात जायचंय." ती "झालंच" म्हणून वळली आणि जागेवर गेली. मनात आईशी भांडण चालू होतं, हात आपोआप काम करत होते. "डोळे इकडे." एक. "अजून एक." दोन. कॅमेऱ्याच्या पाठीवरचा पडदा बघून फोटो काढणारे तिच्या मते फोटोग्राफर नव्हते, टीव्हीवाले होते. तिने पडदा पाहिला नाही. "झालं. मोकळ्या व्हा."

पहिली रांग हलणार, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"ताई, डावा."

एवढंच. मोठ्याने नाही, प्राचार्याबाईंना ऐकू गेलं असेल-नसेल.

तिने पडदा पाहिला. उजवीकडच्या मुली दुपारसारख्या उजळ, डावीकडच्या अंधारात. गेल्या वर्षीच्या त्याच बाजूला, त्याच जागी. डाव्या फ्लॅशची डबी एकवरच राहिली होती, पट्टीखाली सुरक्षित.

कुणी मुस्कटात मारली असती तर तिने एक परत दिली असती. इथे द्यायला समोर कुणी नव्हतं. "जागेवर," ती मुलींना म्हणाली, डाव्या स्टँडपर्यंत चालत गेली, टोक धरून पट्टी सोडवली, आकडा दोन केला. परत आली. "डोळे इकडे." दोन्ही फ्लॅश एका दमात पेटले. आणखी तीन काढले, चारही वेळा पडदा पाहिला. सामान आवरून ती मागच्या दाराने गेली. व्हरांडा टाळला.

घरी येऊन तिने बॅग टेबलावर ठेवली. "त्याच्याकडेही तूच मोजलेस?"

"हो."

"कधी?"

"तुझ्या आधीच्या गुरुवारी."

"आणि मला सांगितलं नाहीस? दोघांकडे एकच डबी, एकाच हॉलमध्ये, आणि तू गप्प बसलीस? ब्याण्णव पोरींसमोर माझा तमाशा झाला, आई."

"मला काय ठाऊक त्या डब्या एकमेकींचं ऐकतात," आई म्हणाली. "चांगली होती म्हणून हीच घे म्हटलं. कशावरून म्हटलं ते कसं सांगणार? त्याचं नाव काढायचं नाही म्हणून तूच बजावलंयस. सहा वर्षं पाळतेय मी."

चार दिवस ती आईशी जेवायला वाढण्यापुरतं बोलली. भांडी मात्र खूप बोलली.

बुधवारी प्राचार्याबाईंचा फोन आला. फोटो दोन्ही चांगले होते. भावाच्या फोटोत मुली हसत होत्या, तिच्या फोटोत ताठ होत्या. भिंतीवर ताठच बऱ्या दिसतात, असं ठरलं. काम तिच्याकडेच राहिलं. तिने 'बरं' म्हणून फोन ठेवला. आनंद व्हायला हवा होता. पण तो फोटो बघितला की डावीकडची प्रत्येक मुलगी तिला ते दोन शब्द ऐकवायची.

संध्याकाळी तिने तिन्ही डब्या काढल्या, पांढऱ्या रंगाने प्रत्येकीवर ठळक दोन लिहिला आणि नवी पट्टी लावली. आई खुर्चीत बटणं डब्यात परत भरत होती.

"उद्या गुरुवार," ती डब्यांकडे बघत म्हणाली. "चालायला जाशील तेव्हा सांग, एक आकडा त्याचा. दोन माझा. दोनला हात लावला तर हात मोडून ठेवीन, असंच सांग."

आईने बटणांची मूठ तशीच धरली. "कुणाला सांगू? मी तर नुसती चालते."

तिने पट्टीचं टोक दुमडलं. नीट झालं नाही, सोडवून पुन्हा दुमडलं.

"धाकट्याला," ती म्हणाली. "आणि जाताना रिक्षा कर. गुडघे बघ तुझे."