खाडीकाठचं कालवण

एका बाईच्या स्वयंपाकावर मी आळ घेतला, आणि तोही तिच्या पाठीमागे. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला अजून वाटतं, कॉलनीतली ती तीन कुटुंबं सुट्टी मिळाली नाही म्हणून गेली नाहीत.

नागपूरजवळ वाडीला ट्रान्सपोर्टच्या एका गोदामात मी आलेला माल तपासतो. वाटेत पाऊस लागला म्हणून गोण्या भिजल्या, असं ड्रायव्हर सांगतो तेव्हा मी आधी ताडपत्रीला हात लावून पाहतो. बरेचदा ती कोरडी निघते. बरीच वर्षं हेच केल्यावर माणूस घरी आणि प्रवासातही ताडपत्रीच चाचपत राहतो.

बायकोला समुद्र पाहायचा होता, म्हणून हिवाळ्याच्या शेवटी आम्ही सिंधुदुर्गातल्या एका गावी गेलो. जंगल थेट खाडीपर्यंत उतरलेलं, आणि पोफळीच्या बागेत एका जोडप्याचं घर. दोन खोल्या पाहुण्यांसाठी. बाई रांधायची, नवरा होडीतून फिरवून आणायचा.

पहिल्याच सकाळी आम्ही निघालो. दोन्ही काठांना कांदळवन, चिखलात उड्या मारणारे निवटे मासे, आणि डोक्यावरून पंखांचा घर्रघर्र आवाज करत गेलेला धनेश. एका वळणावर नवऱ्यानं इंजिन बंद केलं आणि ओठांवर बोट ठेवलं. ते बोट माझ्या ओळखीचं होतं. आमच्याकडच्या जंगलात सफारीचे जिप्सीवाले असंच करतात, मग ‘वाघ आत्ताच गेला, साहेब’ म्हणतात आणि कोरड्या पाणवठ्यावर आपल्याला अर्धा तास बसवून ठेवतात.

“झालं नाटक सुरू,” मी बायकोच्या कानात म्हणालो.

तेवढ्यात पाण्यातून तीन डोकी वर आली. पाणमांजरं. एक काठावर चढून खेकडा खात बसलं. कवच फुटल्याचा आवाज होडीपर्यंत येत होता. बायकोनं माझा दंड घट्ट धरला.

“पाळलेले असतीन,” मी म्हटलं. “रोज मासे टाकत असन हा.”

“समुद्र बी यानंच आणून टाकला असन, नाही का?” ती म्हणाली, आणि पुन्हा पाणमांजरांकडे पाहू लागली.

परतताना ओहोटी लागली आणि होडी गाळात रुतली. आता हा काहीतरी मागणार, असं मला वाटलं. तो मांडीभर चिखलात उतरला, ढकलत ढकलत होडी पाण्यात आणली आणि काहीच मागितलं नाही. त्यानं माझा संशय कमी झाला नाही. काही न मागणाऱ्या माणसाची मला जास्त धास्ती वाटते.

दुपार कलल्यावर जेवायला बसलो. बांगड्याचं कालवण, भात, सोलकढी. बाई वाढता वाढता बायकोला कालवणाबद्दल काहीतरी सांगत होती. माझं तिकडे लक्ष नव्हतं. नवरा होडीतली आमची बॅग घेऊन मागच्या दारी गेला होता, आणि मी त्याच्यावर नजर ठेवून जेवत होतो. दाताखाली काहीतरी टणक आलं, मी ते चावून टाकलं. मग आणखी एक. थोड्या वेळानं जीभ झिणझिणायला लागली, ओठ बधिर झाले. मला वाटलं, मासा शिळा आहे, आणि ते लपवायला यांनी कालवणात कायतरी घातलंय.

पित्त झालंय म्हणून मी ताट बाजूला सारलं. “भाऊ, मग एवढी सोलकढी तरी घ्या, बरं वाटेल,” म्हणून तिनं पेला भरून दिला. तो मी पोफळीच्या बुंध्याशी ओतला. मग संध्याकाळपर्यंत बायकोकडे पाहत बसलो, तिला काही होतंय का म्हणून. ती दोनदा कालवण घेऊन झोपाळ्यावर घोरत होती. आणि बॅग? ती भिजली होती, म्हणून त्यानं उन्हात वाळत ठेवली होती.

निघताना बाई म्हणाली, “नागपूरकडचं आमच्याकडे कधी कोणी येत नाही. तुमच्या लोकांना सांगा, भाऊ. आमचं सगळं नावावर चालतं. एकानं दुसऱ्याला सांगितलं तरच.”

सांगितलं ते बायकोनं. आम्ही नागपुरात बेशाला राहतो, तिथल्या आमच्या कॉलनीतल्या तीन कुटुंबांनी मे महिन्यात जायचं ठरवून बाईला कळवलंही. त्यातला एकजण मला धरमपेठेत चहाच्या टपरीवर भेटला. “कसं आहे गा तिथलं?” त्यानं विचारलं.

“जागा चांगली आहे. पण जेवू नका तिथं,” मी म्हणालो. “शिळा मासा देतेत. माही तं जीभच बधिर झाली होती.”

एवढंच वाक्य. चहा संपायच्या आधी मी विसरलोही.

एप्रिलमध्ये तिचा फोन आला. “भाऊ, तुमच्याकडच्या तिघांनीही येणं रद्द केलं. आमचं काही चुकलं असेल तर सांगा. मी सुधारेन.”

“नाही हो ताई. सुट्ट्यांचं जमलं नसेल.”

“मग ठीक आहे. मीच उगाच मनाला लावून घेतलं.”

तेव्हाही मला आपण खोटं बोललो असं वाटलं नाही. तिचं मन राखलं असं वाटलं.

पावसाळ्याच्या तोंडावर तिच्याकडून पार्सल आलं. सवयीनं मी खोक्याची पट्टी कुठे उघडली आहे का ते पाहिलं. आत आमसुलं होती आणि एक लहानशी पुडी. रविवारी बायकोनं रोहू आणला, त्याचं त्या बाईच्या पद्धतीनं कालवण केलं. दुसऱ्या घासाला दाताखाली काहीतरी टणक आलं. मी चावलं. जीभ झिणझिणायला लागली.

माझा हात ताटातच थांबला.

बायको पाहून राहिली होती. “चावलं काहून ते? तिरफळ आहे, ताईच्या पुडीतलं. फक्त वासासाठी टाकतेत, खातानी बाजूले काढाचं असते. ताईनं सांगतलं नव्हतं का वाढतानी? तुमचं ध्यान त्या होडीवाल्यावर.”

“मासा ताजा आहे ना?” मी विचारलं.

“आता माहाच मासा तपासता का?”

मी मान खाली घालून दाणे ताटाच्या कडेला काढले आणि सगळं जेवलो. चव चांगली होती. तिकडेही चांगलीच होती.

त्या तिघांना मी खरं सांगितलेलं नाही. त्यांच्यातला एकजण परवाच दुसऱ्या कोणाला सांगत होता, त्या बाजूला मासे जपून खा म्हणून. मी शेजारी उभा होतो आणि गप्प होतो. तीन दारांवर जाऊन मासा ताजा होता हे सांगायचं, आणि त्या बाईला फोन करून तुमचं काही चुकलं नव्हतं, मी चुकलो, हे सांगायचं, एवढं माझ्याकडे बाकी आहे.