घरात आधी कोणाला होतं?

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम ती बारा वर्षं करत होती. कोणाचाही चष्मा नुसता हातात घेतला की त्याचा नंबर सांगायची, म्हणून सगळे तिला नंबरवालीच म्हणत. मालक गमतीनं म्हणायचा, हिच्या हातून केसाएवढी चूक झाली तर त्या दिवशी दुकानाला सुट्टी.

तेहेतिसाव्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी तिच्या दुखण्याला नाव दिलं, पीसीओएस. चार-चार महिने पाळी न येणं, हनुवटीवरचे राठ केस, लग्नाला पाच वर्षं होऊनही मूल नसणं, सगळं त्यातलंच. गोळ्यांनी जमलं तर ठीक, नाहीतर पुढे आयव्हीएफ, असं त्या म्हणाल्या. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "बिघाड कळला ना? मग निम्मं काम झालं."

दवाखान्याच्या काचेच्या दारात तिला स्वतःच्या जागी मावशी उभी दिसली होती. तीच हनुवटी, आणि ती लपवायला खाली घातलेली तीच मान.

मावशी ही आईची धाकटी बहीण. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं तिला परत पाठवलं, तेव्हापासून ती यांच्याकडेच राहायची. पहाटे न्हाणीघराची कडी लागायची आणि आतून खरवडल्यासारखा बारीक आवाज यायचा. एकदा कडी नीट लागली नव्हती. आठ वर्षांच्या या पोरीनं फटीतून पाहिलं. त्याच आठवड्यात मावशीचं दुसरं लग्न जमत आलं होतं. एक बिजवर चहाला आला होता, भला माणूस होता. सगळे बसलेले असताना पोरगी म्हणाली, "मावशी बाबांसारखी दाढी करते."

आधी सगळे हसले. मग कोणीच हसेना. तो माणूस चहा अर्धा टाकून गेला, तो गेलाच. मावशीनं तिला मारलं नाही, रागावलीही नाही. पुढे दुसऱ्या गावी इस्पितळाच्या धोबीखान्यात काम धरून निघून गेली आणि सेहेचाळीसाव्या वर्षी वारली. कशानं, हे घरात कोणी सांगितलं नाही. पण तो खरवडण्याचा आवाज नंबरवालीच्या कानातून कधी गेला नाही. काच घासायच्या यंत्रापाशीही तो यायचा. मग ती यंत्र बंद करायची, तरी तो थोडा वेळ चालूच राहायचा.

त्या वर्षी मालकानं दुकानातल्यांचा आरोग्य विमा बदलला. दोन योजना होत्या, महिन्याअखेर एक निवडायची. पहिलीचा हप्ता कमी, पण मूल होण्याच्या उपचारांना त्यात सपशेल नकार. दुसरीचा हप्ता जड. त्यात ते उपचार तीन खेपांपर्यंत मिळत, मात्र आधीचा आजार असेल तर तो लिहून द्यायचा आणि त्यासाठी तीन वर्षं थांबायचं.

विम्याचा माणूस दुकानात आला. आजाराच्या अटीबद्दल विचारताना ती बिचकतेय हे त्यानं ओळखलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, की दुसरी घ्या आणि आजाराच्या रकान्यात 'नाही' लिहा, म्हणजे थांबायलाच नको. तिनं विचारलं, उद्या कळलं तर? तो म्हणाला, कळल्यावर बघू. तिनं सगळ्या अटींचे कागद मागून घेतले आणि दोन दुपारी जेवणाच्या सुट्टीत डोळ्यांत तेल घालून वाचले. लपवलेलं उघडं पडलं तर नुसता दावाच नाही, अख्खी पॉलिसी जाणार होती.

नवरा म्हणाला, "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? लिहून टाक."

त्याला तीन वर्षं म्हणजे तीन वर्षंच वाटत होती. तिला स्वतःच्या वयाचा छत्तीस हा आकडा दिसत होता. आणि एक भीती तिनं त्यालाही सांगितली नव्हती. एकदा खरं बोलून तिनं एका बाईचं घर मोडलं होतं. आता खरं लिहून स्वतःचं मोडेल, असं तिला वाटत होतं.

अर्जात पुढचा प्रश्न होता, घरात आधी कोणाला होतं? त्यासाठी रविवारी ती आईकडे गेली. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. प्रश्न ऐकून म्हणाली, झाकली मूठ सव्वा लाखाची, मेलेल्या माणसाला कागदावर कशाला ओढतेस. नंबरवाली उठली नाही. म्हणाली, "आई, माझ्यामुळे ती गेली. निदान कशानं मेली ते तरी मला कळू दे."

आईच्या हातातली घडी तशीच राहिली. ती म्हणाली, "गर्भाशयाचा कॅन्सर. इथे असतानाच तिला एका डॉक्टरनं गोळ्या दिल्या होत्या, पाळी नियमित यायला. तुझे बाबा म्हणाले, नवरा नाही, मूल व्हायचं नाही, मग गोळ्या कशाला? मी पुढच्या गोळ्या आणल्याच नाहीत. तू लहान होतीस. मी नव्हते."

इतकी वर्षं आपण एकटीच तो आवाज ऐकतोय, असं तिला वाटत होतं.

डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, पाळी वर्षानुवर्षं चुकत राहिली की आतलं अस्तर जाड होतं, त्यातून तसं होऊ शकतं, मूल हवं असो वा नसो. तोवर ती बाळासाठी विमा निवडत होती; आता तो स्वतःच्या जिवासाठीही टिकायला हवा होता. त्या दिवशी तिनं दुसरी योजना घेतली आणि सगळं लिहिलं. स्वतःचा आजार लिहिला. त्याखाली लिहिलं, मावशी, वय सेहेचाळीस.

तीन वर्षं गोळ्या पदरच्या पैशानं घेतल्या. मग उपचार सुरू झाले. पहिली खेप फुकट गेली. दुसऱ्या खेपेला दिवस राहिले आणि नवव्या आठवड्यात गेले. तिसरीच्या आधी केलेल्या तपासणीत अस्तर जाड झालेलं निघालं. कॅन्सर नव्हता, पण त्याच वाटेवर होतं. ती खेप राहूनच गेली. आधी अस्तरासाठी औषध आणि दर सहा महिन्यांनी तपासणी, असं ठरलं. कंपनीनं जुने कागद काढून पाहिले, सगळं लिहिलेलं सापडलं, आणि दावा मंजूर झाला. त्या दिवशी नवरा लिफ्टच्या खोलीत जाऊन रडला, हे तिला त्याच्या कामावरच्या जोडीदाराकडून कळलं.

मूल झालं नाही. आई नंतर दर तपासणीला तिच्याबरोबर जायची, बाहेरच्या खुर्चीवर बसायची आणि दार उघडलं की आधी तिच्या तोंडाकडे बघायची. दोघी मावशीबद्दल फारसं बोलत नसत. ती तिथेच तिसऱ्या खुर्चीवर बसलेली असावी, तशी मध्ये एक खुर्ची मात्र सोडून बसत.

सत्तेचाळीसावं लागलं त्या सकाळी नंबरवाली रोजच्यासारखी कामावर गेली. इथवरची सगळी वर्षं मावशी तिच्या पुढे चालली होती. या वर्षापासून पुढे कोणीच नव्हतं.