दाराजवळची रांग

मी चौथी शिकलेली बाई. केज तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत बारा वर्षं खिचडी शिजवली. चुलीपासून वर्ग पंधरा पावलांवर होता, त्यामुळे कोण शिकतं आणि कोण नुसतं बसतं, हे मला दिसत असे.

वर्गात दाराजवळ एक रांग होती. ऊसतोडीला जाणाऱ्यांची पोरं तिथं बसायची. दिवाळी झाली की ट्रक यायचे आणि ही पोरं आईबापाबरोबर कारखान्यावर जायची, ती उन्हाळा लागल्यावर परत. मधूनच उठून गेली तर वर्ग विस्कटू नये, म्हणून गुरुजी त्यांना जूनपासूनच दाराशी बसवत. गुरुजी वाईट नव्हते. मारत नसत, घालूनपाडून बोलत नसत. फक्त त्या रांगेला प्रश्न विचारत नसत. जाणाऱ्यांवर मेहनत कशाला, एवढाच हिशोब. टँकर आला की शाळेचं पाणी भरायला मात्र तीच रांग उठायची.

मलाही त्यात काही खटकलं नाही. एका पंधरा ऑगस्टला सहकारी साखर कारखान्याचे एक संचालक झेंड्याला आले होते. भाषणात म्हणाले, "शिका रे पोरांनो. पण सगळेच साहेब होऊ नका, नाहीतर आमचा ऊस कोण तोडील?" सगळे हसले. मी हसले. दाराजवळची रांग तर सगळ्यात मोठ्यानं हसली.

पुढं सलग दोन वर्षं पाऊस पडला नाही. ऊसच नव्हता, म्हणून जवळचा कारखाना बंद राहिला आणि आमच्या टोळ्या पार कर्नाटकात निघाल्या. लेक आणि सून निघाले तेव्हा नातीला मी ठेवून घेतलं. ती पाचवीत होती. शिक्षणासाठी ठेवलं असं मी कुणाला सांगत नाही. माझे गुडघे गेले होते आणि घरात पाणी आणायला कुणीतरी हवं होतं.

पण पोरीला गणित यायचं. पुढच्या रांगांना शिकवलेलं ती दाराजवळच्या रांगेतून ऐकायची आणि घरी जमिनीवर कोळशानं करून बघायची. तिनंच मला सांगितलं की एक सरकारी शाळा आहे, राहणं-खाणं फुकट, बारावीपर्यंत. तिथं जायची परीक्षा पाचवीतच देता येते, पुन्हा नाही. अर्ज गुरुजी भरतात. तेव्हापासून माझ्या डोक्यात ते बसलं; वेळ आली की गुरुजी अर्ज भरतीलच, असं वाटलं. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्याला टोळी नेणारा मुकादम विचारत नाही, म्हणून पोरींची लग्नं लवकर उरकतात. ही इथंच राहिली तर दोन-तीन वर्षांत कुणाचा तरी अर्धा कोयता होणार, हे मला चुलीतल्या जाळासारखं दिसत होतं.

टोळ्या गेल्यावर आठवडाभरात ती म्हणाली, "आज्जी, गुरुजी हजेरीत माझं नाव घेत न्हाईत."

"न्हाई घेतलं तर न्हाई. तू बस," मी म्हणाले. मला डाळ निवडायची होती.

गुरुजी रोज सकाळी किती पोरांचं शिजवायचं ते सांगत. त्यांचा आकडा एकानं कमी असायचा. मी मूठभर तांदूळ जास्त टाकायची आणि गप्प बसायची. गुरुजींची मोजणी चुकली, असं मी धरलं.

महिन्याभरानं पुढच्या रांगेतली चार पोरं शाळा सुटल्यावर ओट्यावर थांबू लागली. गुरुजी त्यांच्याकडून त्या परीक्षेची तयारी करून घेत होते. भांडी तशीच टाकून मी गेले आणि विचारलं, "आमची कावून न्हाई ह्यात?"

गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. "मावशी, तुमची नात टोळीबरोबर गेली ना?"

"ती रोज तुमच्या म्होरं बसती, गुरुजी."

त्यांनी हजेरीचा पट उघडला. मुकादमाच्या यादीत ज्या घरांची नावं, त्या घरांतली सगळी पोरं एका दिवसात 'स्थलांतरित' लिहिलेली. त्यात आमचंही घर. मग ते हळू आवाजात म्हणाले, "मला वाटलं, ती तुमच्या हाताखाली येते. स्वयंपाकाला."

ते खोटं बोलत नव्हते. महिनाभर त्यांनी तिला पाहिलं होतं, पाण्याला पाठवलं होतं, आणि ती शाळेत नाही असं मानलं होतं. अर्जाची मुदत दोन दिवसांपूर्वी संपली होती. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच्या मोटरसायकलवर तालुक्याला जाऊन आले. मुदत संपली म्हणजे संपली, असं ऐकून आले.

घरी मी तिला सांगितलं. तिनं आधी विचारलं, गुरुजी रागावले का. मी नाही म्हणाले. मग म्हणाली, "आज्जी, मला आली असती का ती परीक्षा?"

"काय म्हाईत," मी म्हणाले.

मला खरंच माहीत नव्हतं. पण 'आली असती' असं म्हणायला माझं काय जात होतं, हे मी अजून स्वतःला विचारते. जे गुरुजींच्या मनात होतं तेच माझ्याही मनात होतं. मी ते फक्त घरात बोलले.

गुरुजींनी तिचं नाव पटावर पुन्हा चढवलं आणि तिला पहिल्या रांगेत आणून बसवलं. ते तिला सारखे प्रश्न विचारू लागले. ती उठून उभी राहायची आणि खाली बघायची. येत असलेलंही सांगेना. घरातल्या जमिनीवर कोळशाच्या रेघा दिसायच्या बंद झाल्या. मी विचारलं तर म्हणाली, "आता कशाला?" गुरुजींनीही महिनाभर नेट धरला आणि सोडून दिला. त्यांना परीक्षेला बसणाऱ्या त्या चौघांचं बघायचं होतं. चौघांतलं कुणीच लागलं नाही, हे नंतर कळलं.

पुढच्या दिवाळीनंतर ट्रक आला. लेकानं अजून काही ठरवलं नव्हतं, सून पोरीला ठेवू म्हणत होती. कुणी सांगायच्या आधी पोरीनं आपले कपडे फडक्यात बांधले आणि ट्रकात भांड्यांच्या पोत्यावर जाऊन बसली. लेकानं माझ्याकडं पाहिलं, मी अडवीन म्हणून. अडवलं असतं तर ती उतरली असती, ऐकणारी पोर होती. पण उतरवून तिला काय सांगायचं, ते मला सुचलं नाही. ट्रक निघाला.